‘तो पूर्वी असा नव्हता’: टीनएजरच्या आईबाबांना कुठलं पुस्तक द्यावं?

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. लोकलमध्ये नेटवर्क जातं, ऑफिसात इअरफोन घालता येत नाहीत, अशांसाठी. बोलताना मी जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय नवीन प्रकार? आपला श्रोतावर्ग विशी-पंचविशीतला. स्वतःचं लग्न ठरायची मारामार, त्यात टीनएज मुलांच्या आईवडिलांसाठी लिहिलेली पुस्तकं आपण कशाला वाचायची?

तर झालं असं. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला ताईची व्हॉइस नोट आली. सहा मिनिटांची. ताईची सहा मिनिटांची व्हॉइस नोट म्हणजे काहीतरी बिनसलंय. माझा भाचा यंदा दहावीला आहे. तो आंघोळीला गेला होता, फोन पलंगावर उघडाच राहिला होता आणि ताईने त्याचं चॅट वाचलं. त्यात भयंकर असं काही नव्हतं. थोड्या शिव्या, एका मुलीबद्दल मित्राने केलेली चिडवाचिडवी, आणि एक वाक्य ताईबद्दल, की आई फार डोकं खाते. तेवढ्यात तो बाहेर आला आणि त्याने पाहिलं. त्यानंतर नऊ दिवस घरात तीनच शब्द: ‘हो’, ‘नाही’, ‘जेवलो’. व्हॉइस नोटच्या शेवटी ताई म्हणाली, “तो पूर्वी असा नव्हता रे. तू एवढं वाचतोस, एखादं पुस्तक असेल तर सांग ना.”

आता मी बॅकएंडचा माणूस. सर्व्हर पडला तर डॉक्युमेंटेशन कुठे आहे हे सांगू शकतो, पोराने बोलणं बंद केलं तर काय करायचं हे मला कुठून माहीत असणार? पण ताईने आजवर माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. म्हणून तीन आठवडे हेच वाचत बसलो. काही पुस्तकं पूर्वी चाळली होती, काही नवीन घेतली. आज त्यातली मला पटलेली सांगतो, आणि जी ताईला मुद्दाम दिली नाहीत तीही सांगतो.

ताईचं ते वाक्य, ‘तो पूर्वी असा नव्हता’, मला फार महत्त्वाचं वाटलं. इंजिनिअरच्या भाषेत बोलायचं तर तिचा सॅम्पल साइज एक आहे. तिने आयुष्यात एकच मुलगा वाढवलाय. त्याच्या वागण्यातलं वयामुळे आलेलं किती, त्याच्या स्वभावातलं किती आणि आपल्या चुकीमुळे झालेलं किती, हे तिने कशाच्या आधारावर ठरवायचं? शेजारच्या घरात डोकावून उपयोग नाही, कारण शेजारचा मुलगा तिच्यासमोर गोडच वागणार. इथे ही पुस्तकं कामाची आहेत. लिहिणाऱ्याने वीस-तीस वर्षं खोलीत बसून शेकडो घरांची भांडणं ऐकलेली असतात. ती वाचून मुलगा बदलत नाही. पण आज दार आपटलं ते साधं दार आपटणं होतं की काहीतरी मोठं, हे ओळखायला आईला थोडं लांब उभं राहता येतं.

सगळ्यात आधी मी ताईला दिलं ते अँथनी वुल्फ यांचं पुस्तक. नाव ऐका: ‘गेट आउट ऑफ माय लाइफ, बट फर्स्ट कुड यू ड्राइव्ह मी अँड शेरिल टु द मॉल?’ म्हणजे माझ्या आयुष्यातून चालती हो, पण त्याआधी मला आणि शेरिलला मॉलमध्ये सोड. १९९१ चं पुस्तक आहे. वुल्फ अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ, मुलं आणि कुटुंबं यांच्यासोबतच काम केलेले. पुस्तक विनोदी आहे, आणि रात्री अकरा वाजता रडवेल्या झालेल्या आईला आधी तेच लागतं.

वुल्फ यांचा मुख्य मुद्दा असा. या वयाच्या मुलात दोन माणसं राहतात. एक बाहेरचा: शाळेत, क्लासमध्ये, मित्राच्या आईसमोर नीट बोलणारा, ताट उचलून ठेवणारा. दुसरा घरातला. त्याला दिवसभराचा ताण उतरवायचा असतो, आयतं खायचं असतं, कसलीही जबाबदारी नको असते, आणि भांडण सुरू झालं की ते संपवायचं नसतं. हा घरातला अवतार फक्त आईबापांसमोर बाहेर येतो, कारण इथे कसंही वागलं तरी आपल्याला कोणी टाकून देणार नाही याची त्याला खात्री असते. ताईच्या घरी अगदी हेच. सोसायटीतल्या काकू सांगतात, “किती शांत आणि समजूतदार मुलगा आहे हो तुमचा!” आणि ताई मनात म्हणते, कोणाबद्दल बोलतायत या?

वुल्फ यांचा सल्ला ऐकायला सोपा आहे. नियम सांगा, निर्णय द्या आणि तिथून निघा. शेवटचा शब्द त्याला घेऊ द्या. ‘असलं फालतू घर कुठे नसेल’ हे त्याचं वाक्य हवेत राहू द्या. आपण त्याला उत्तर दिलं की भांडणाला आणखी अर्धा तास मिळतो, आणि घरातल्या त्या अवताराला तेच तर हवं असतं. आणखी एक गोष्ट ते प्रामाणिकपणे सांगतात, जी बाकीचे लेखक टाळतात: तुमचे नियम पूर्णपणे पाळले जाणार नाहीत. नऊला घरी ये म्हटलं तर साडेनऊ होतील. पण नियमच नसता तर साडेअकरा झाले असते. अर्धवट पाळलेला नियमसुद्धा काम करत असतो. मला हे फार आवडलं.

जे नाही आवडलं तेही सांगतो. मुलगे खोलीत गडप होतात आणि मुली भांडत राहतात, अशी सरळ वाटणी त्यांनी केलीये. माझ्या ओळखीत याच्या उलटी घरं भरपूर आहेत. ते पान आलं की सोडून द्या.

आता दुसरं पुस्तक. यासाठी थोडं मागे जाऊ. हाइम गिनॉट म्हणून एक माणूस होता. १९२२ मध्ये तेल अवीवला जन्म, आधी शाळेत शिक्षक, मग अमेरिकेत जाऊन मानसशास्त्रज्ञ. १९६५ मध्ये त्यांचं ‘बिटवीन पेरेंट अँड चाइल्ड’ आलं आणि तुफान खपलं. १९६९ मध्ये आलं ‘बिटवीन पेरेंट अँड टीनएजर’. आज आपण सर्रास ‘हेलिकॉप्टर पेरेंट’ म्हणतो ना, त्या कल्पनेचं मूळ याच पुस्तकात दाखवतात. त्यात एक मुलगा तक्रार करतो, की आई माझ्या डोक्यावर हेलिकॉप्टरसारखी घिरट्या घालते. म्हणजे ही तक्रार पंचावन्न वर्षांहून जुनी आहे! व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, इन्स्टा नव्हतं, तरी पोरं हेच म्हणत होती. ताईला हे सांगितल्यावर ती नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली.

गिनॉट यांचं सूत्र असं, की भावनेला मुभा द्या, वागण्याला मर्यादा घाला. राग आला तर येऊ दे, पण ग्लास फोडायचा नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ग्लास फुटला तर आपण निमूट गोळा करतो आणि ‘एवढं चिडायला काय झालं तुला?’ असं रागालाच रागावतो.

एक उदाहरण घेऊ. मुलगा घरी येऊन म्हणतो, गणिताच्या पेपरची वाट लागली. आपल्या घरातली पाठ झालेली उत्तरं: ‘तरी मी सांगत होते’, ‘मोबाइल कमी बघ’, ‘अरे काही नाही होत, पुढच्या वेळी बघू’. पहिली दोन टोचतात हे कळतं. तिसरंही टोचतं, कारण त्याच्यासाठी जे झालंय ते आपण खोडून टाकलेलं असतं. गिनॉट म्हणतील, आधी जे घडलं तेवढंच बोला. ‘एवढी तयारी करून पेपर असा गेला म्हणजे डोकं फिरणारच.’ बस. मग गप्प. उपाय लगेच हातात द्यायचा नाही.

पण गंमत म्हणजे ते उलट टोकालाही सावध करतात. फार समजूतदारपणा दाखवू नका. ‘मला अगदी कळतंय तुला काय वाटतंय’ हे वाक्य या वयातल्या मुलाला चीड आणतं. त्याला वाटत असतं की आपल्यासारखं याआधी कोणालाच वाटलेलं नाही, आणि तुम्ही दोन सेकंदांत ‘कळलं’ म्हणून मोकळे! तसंच त्यांची भाषा उचलू नका, त्यांच्यासारखे कपडे घालून त्यांच्यात घुसू नका. इथे मीच थोडा ओशाळलो. भाच्याला ‘काय ब्रो’ म्हणणारा मामा मीच आहे. सोळाव्या वर्षानंतर मुलाशी मित्रासारखं वागावं हे संस्कृत सुभाषित आपल्याकडे प्रत्येक बाप एकदा तरी ऐकवतो. गिनॉट यांना ते अर्धंच पटलं असतं. मित्र त्याचे त्याने जमवलेत. घरी त्याला आईबाप हवे असतात, ज्यांच्याशी वाद घालता येतो.

आता ताईचा खरा प्रश्न. गिनॉट स्पष्ट सांगतात: मुलाच्या खासगी गोष्टींत शिरू नका. पत्रं, डायरी, फोनवरची बोलणी त्याची त्याला असू द्या. हे वाचून ताई उसळली. “त्यांच्याकडे प्रत्येक पोराला वेगळी खोली असते. आमच्या वन बीएचकेत तो हॉलमध्ये अभ्यास करतो, रात्री तिथेच गादी घालतो. त्याच्या खासगी गोष्टी ठेवायच्या कुठे?”

बरोबर आहे तिचं. आणि तिच्या प्रश्नातच मला उत्तर दिसलं. मी म्हटलं, “ताई, त्याला खोली नाही म्हणूनच तर फोन ही त्याची खोली आहे. पासवर्ड म्हणजे दार. तू चॅट वाचलंस म्हणजे दार न वाजवता आत गेलीस.” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण आत काही वाईट चाललं असेल तर?”

हाही खरा प्रश्न. आणि इथे माझं मत सांगतो, पुस्तकाचं नाही. तेराव्या वर्षी पहिला फोन हातात देतानाच ‘मी अधूनमधून तुझ्यासमोर बघणार’ असं सांगून ठेवलं असेल तर तो घरचा नियम झाला. काही न सांगता, तो आंघोळीला गेल्यावर बघितलं तर ती चोरी वाटते, हेतू कितीही चांगला असो. पहिल्यात मूल कुरकुरतं. दुसऱ्यात ते फक्त लपवायला शिकतं. ताईने पहिलं केलं नव्हतं, त्यामुळे तिला दुसऱ्याची किंमत मोजावी लागली. मी तिला हे एवढ्या स्पष्टपणे सांगितलं नाही. ती ऐकेल कदाचित, तर सॉरी ताई.

गिनॉट १९७३ मध्ये गेले, पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. न्यूयॉर्कला त्यांच्या पालकवर्गात बसणाऱ्या दोन आया, अ‍ॅडेल फेबर आणि इलेन मॅझलिश, यांनी त्यांचंच काम पुढे नेलं. त्यांचं ‘हाऊ टु टॉक सो किड्स विल लिसन’ १९८० चं, आणि टीनएजर्ससाठीचं २००५ चं. यात प्रसंग चित्रकथेसारखे काढलेत, एका बाजूला आपण नेहमी बोलतो ते, दुसऱ्या बाजूला बदललेलं. ज्यांना जाड पुस्तक नको, इंग्रजी फार सलग वाचवत नाही, अशा आईबाबांना हे द्या. भाच्याच्या बाबांना, म्हणजे भावजींना, मी हेच दिलं. त्यांनी फक्त चित्रं पाहिली. तेही चालतं.

पुढे लिसा डॅमूर. या ओहायोतल्या मानसशास्त्रज्ञ. तुम्ही २०२४ चा ‘इनसाइड आउट २’ पाहिला असेल, तो चिंतेचं नारिंगी पात्र असलेला; त्या सिनेमासाठी पिक्सारने यांचा सल्ला घेतला होता. त्यांचं ‘अनटँगल्ड’ २०१६ मध्ये आलं. पुस्तक मुलींबद्दल आहे, पण मी भाच्यासाठी वाचलं आणि निम्म्याहून जास्त लागू पडलं.

त्यात एक उपमा आहे, ती माझ्या डोक्यातून जात नाही. मुलगी पोहणारी, पाणी म्हणजे बाहेरचं जग, आणि आईबाप म्हणजे तलावाचा काठ. तिला पाण्यात मजा येत असते, काठाकडे ती बघतही नाही. मग दम लागतो, नाकातोंडात पाणी जातं, आणि ती येऊन काठाला घट्ट धरते. आई खूश होते, लेक परत आली! तेवढ्यात दम परत येतो आणि ती काठाला पायाने जोरात ढकलून पुन्हा आत जाते. ती लाथ आईला लागते. काल रात्री मांडीवर डोकं ठेवून रडलेली पोर आज सकाळी ‘तू मध्ये बोलू नकोस’ का म्हणते, याचं इतकं साधं चित्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही. काठाने तेव्हा काय करायचं? जागेवर राहायचं. लाथ लागते म्हणून काठ हलला तर पुढच्या वेळी ती धरणार काय?

हे वाचताना मला माझी अकरावी आठवली. क्लास सुटायच्या वेळी पाऊस असला की आई छत्री घेऊन यायची. मित्रांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एक दिवस मी तिला म्हटलं, गेटवर येत जाऊ नकोस. ती काही बोलली नाही. पुढच्या पावसात ती रस्त्याच्या पलीकडे, मेडिकलच्या दुकानाच्या शेडखाली उभी होती. मी तिला पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून भिजत घरी गेलो.

या वयाला सगळे आपल्याकडेच बघतायत असं का वाटतं, त्यालाही नाव आहे. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये त्याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलं. क्लासच्या गेटवर माझ्या आईच्या छत्रीकडे कोणाचं लक्षही नव्हतं. प्रेक्षक माझ्या डोक्यात बसले होते.

‘अनटँगल्ड’ची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी, इथपर्यंत नॉर्मल आणि इथून पुढे काळजी करा, अशी रेघ आखलेली आहे. बाकी अनेक पुस्तकं ‘हे सगळं वयाचं आहे, जाईल’ म्हणून मोकळी होतात. तसं म्हणणं धोक्याचं आहे. एका संध्याकाळी तोंड पाडून बसणं वेगळं आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, मित्र तुटलेत, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्यात हे वेगळं. स्वतःला इजा करणं किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं हे तर कधीच ‘वयाचं’ म्हणून सोडायचं नाही. तिथे पुस्तक मिटवायचं आणि माणूस गाठायचा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. नंबर सेव्ह करून ठेवा. भाच्याच्या बाबतीत मी ताईला आधी हेच विचारलं होतं: झोपतो का, खातो का, मित्र येतात का? तिन्हीचं उत्तर हो आलं, म्हणून पुढे पुस्तकांच्या गप्पा मारल्या.

मेंदूवरची पुस्तकं मी ताईला दिली नाहीत. तुम्ही मात्र वाचा. सारा-जेन ब्लेकमोर यांचं ‘इन्व्हेंटिंग अवरसेल्व्हज’, २०१८ चं. त्या वर्षीचं रॉयल सोसायटीचं विज्ञान-पुस्तकांचं बक्षीस त्याला मिळालं. यूट्यूबवर जे ठोकून सांगतात ना, की मेंदू पंचविसाव्या वर्षी पूर्ण होतो, तसा काही वाढदिवस नसतो. कपाळामागचा भाग, नियोजन आणि स्वतःला आवर घालण्याशी जोडलेला, विशीतही बदलत राहतो आणि प्रत्येकात वेगवेगळ्या वेगाने. म्हणजे आपलंही काम चालू आहे मंडळी.

एक प्रयोग मात्र सांगतोच. २००५ मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी तीन वयोगटांतल्या लोकांना कॉम्प्युटरवर गाडीचा गेम खेळायला दिला. सिग्नल पिवळा झाला, पुढे न्यायची की थांबवायची? एकट्याने खेळताना आणि सोबत मित्र असताना, असं दोन्ही पाहिलं. मित्र शेजारी असले की टीनएजर जास्त धोका पत्करत होते, मोठ्यांमध्ये फारसा फरक नव्हता. पोराला धोका कळत नाही असं नाही. एकटा असताना बऱ्यापैकी कळतो. म्हणून ‘तुला अक्कल नाही का?’ पेक्षा ‘सोबत कोण कोण आहे आणि परत कसे येणार?’ हा प्रश्न जास्त कामाचा. आणि हो, वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा लागते. सकाळी साडेसहाच्या क्लासला डुलक्या काढणारा पोरगा आळशीच असेल असं नाही.

आता ज्या पुस्तकाने माझं स्वतःचं काहीतरी हललं ते. जेनिफर सीनियर या पत्रकार बाईंचं ‘ऑल जॉय अँड नो फन’, २०१४. मुलांचा पालकांवर काय परिणाम होतो, असा उलटा प्रश्न त्यांनी घेतलाय. टीनएजच्या प्रकरणात त्या म्हणतात, की हा काळ मुलांपेक्षा कदाचित आईबापांनाच जास्त जड जातो. त्यासाठी स्टाइनबर्ग यांच्या जुन्या अभ्यासाचा आधार घेतात, दोनशेहून अधिक कुटुंबांचा. ज्यांना मुलांपलीकडे नोकरीत किंवा छंदात मन घालायला जागा होती ते तुलनेने सावरले. ज्यांचं सगळं मुलाभोवतीच होतं त्यांना सर्वात जास्त लागलं. मुलगा दार बंद करतो, आणि दाराच्या या बाजूला चाळिशीतला माणूस स्वतःचं लग्न, नोकरी, राहून गेलेल्या गोष्टी यांच्यासोबत एकटा उरतो.

मी मोबाइलवर गणित केलं. शेडखाली उभी होती तेव्हा आई त्रेचाळीस वर्षांची होती. माझ्या ऑफिसातली मॅनेजर त्रेचाळीसची आहे. तिला मी म्हातारी समजत नाही, तिच्या सुट्टीचे फोटो लाइक करतो. आईचं त्या वर्षी काय चाललं होतं, मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. त्या रविवारी फोन करून विचारलं. ती म्हणाली, “तुझ्या आजोबांचं दुखणं चालू होतं ना तेव्हा, दिवसभर हॉस्पिटल, संध्याकाळी तुझा क्लास.” आजोबा आजारी होते हे मला माहीत होतं. ती हॉस्पिटलातून थेट छत्री घेऊन यायची हे नव्हतं माहीत.

ही सगळी अमेरिकन-इंग्रजी पुस्तकं झाली, आणि त्यांत दहावीचं बोर्ड नाही, नातेवाइकांचा ‘किती टक्के?’ नाही, वन बीएचके नाही. म्हणून शेवटचं पुस्तक मराठी आणि पालकत्वावरचं अजिबात नसलेलं: मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. २००४ ची कादंबरी, सुजय डहाके यांचा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. आणीबाणीचा काळ, नववीतला मुकुंद जोशी, वर्गातली शिरोडकर, अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमणारी मित्रांची टोळी. आपण शाळेत असताना ती वाचली ती शिरोडकरसाठी. आता तिशीच्या तोंडावर परत वाचा, आणि या वेळी लक्ष घरातल्या मोठ्यांवर ठेवा. पोराच्या डोक्यात केवढं जग चाललंय आणि घरच्यांच्या हाती त्यातलं किती थोडं लागतंय! तरीही त्या घरात त्याला प्रेम मिळतंय, जेवण मिळतंय, आणि ज्याच्याशी मोकळेपणी बोलता येईल असा एक नरूमामा आहे. मुलाच्या मनातलं सगळं कळलंच पाहिजे, अशी आईबापांची जी धडपड असते ना, ती ही कादंबरी वाचताना आपोआप सैल होते. कळत नाहीच. मुकुंदच्या घरच्यांनाही कळलं नाही आणि त्यांचं काही वाईट चाललं नव्हतं.

आणि तो नरूमामा! त्यावरून आपल्यासाठी एक काम निघतं. आपण आईबाप नसू, पण मामा, मावशी, काका, आत्या, मोठी बहीण आहोत. पोरगं आईला जे सांगणार नाही ते आपल्याला सांगू शकतं. फक्त ते दुसऱ्या मिनिटाला ताईला फॉरवर्ड करायचं नाही, एवढी अक्कल आपल्याला हवी. त्याच्या जिवाशी संबंधित काही असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्याला सांगूनच मोठ्यांकडे जायचं.

पुस्तकं देण्याबद्दलही एक सांगतो. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी आईच्या हातात पुस्तक ठेवू नका. ते ‘तू चुकलीस’ असं लिहिलेलं सर्टिफिकेट वाटतं. आणि आपल्या धाकट्या भावाबहिणीच्या वतीने घरच्या ग्रुपवर गिनॉट यांचे कोट टाकू नका, प्लीज. आधी स्वतः वाचा. मी ताईला वुल्फ यांचं पुस्तक दिलं तेव्हा एवढंच म्हटलं, “हे वाचताना मला मीच दिसलो, तुला हसू येईल.”

ताईचं काय झालं? तिने वुल्फ अर्धं वाचून मेसेज केला, “हा माणूस आमच्या घरी राहून गेलाय का?” गिनॉट यांच्याशी तिचं अजून भांडण चालू आहे. भाच्याला तिने एकदाच सांगितलं, न विचारता फोन बघितला ते चुकलं, पुन्हा बघायचा झाला तर तुला सांगून, तुझ्यासमोर. त्यावर तो म्हणाला, “ठीक आहे.” बस, एवढंच. पिक्चरसारखी मिठी वगैरे काही नाही. पासवर्ड त्याने बदललाय, हे तिला माहीत आहे. तिने विचारलं नाही. रात्री दहाला तो स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभ्यानेच जेवतो, ती भांडी आवरत असते. परवा तिने विचारलं नसताना त्याने सांगितलं, की प्रिलिमला सायन्स अवघड होतं. ताईच्या तोंडावर आलं होतं, ‘तरी मी सांगत होते’. ती म्हणते, तेवढं गिळायला तिला तव्यावरची पोळी दोनदा उलटावी लागली.

तुमच्या घरात सध्या कोणी टीनएजर असेल, तर त्याचे घरातले तीन शब्द कुठले ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. आपल्या नेहमीच्या नंबरवर, आणि कृपया सहा मिनिटांची नको. भेटू पुढच्या भागात.